इंदूरमधे घर हलकं करायचंय? आमचं सामान कुठे कुठे गेलं त्याचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाहीये, पाच-सहा ठिकाणांचा मिळून आहे. मिनिमलिझम सुरू करताना सगळे सांगतात काय ठेवायचं आणि काय काढायचं ते, पण काढलेली वस्तू जाणार कुठे हे कुणी सांगत नाही, आणि माझा अनुभव असा की ते ठरलेलं नसतं म्हणूनच वस्तू घरातून निघत नाही. आमचं सगळं अडलं ते तिथेच, म्हणून लिहितेय.

आमचं घर रामबागेत, जुनं, चार खोल्या आणि वर माळा. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या माळ्यावर सामान चढतच होतं, उतरलं कधीच नाही. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, आम्ही उरलो तिघं, आईंचे गुडघे जिना चढू देईनात म्हणून निपानियाकडे लिफ्टवाला टू बीएचके घ्यायचं ठरलं आणि त्या फ्लॅटला माळाच नाहीये. म्हणजे हौस म्हणून नाही, गरज म्हणून सुरू केलं, पण आता आठ महिन्यांनी सांगते की गरज नसती तरी करायला हवं होतं.

पहिली चूक माझी. व्हिडिओ बघितले, त्यात सांगतात वर्षभर हात न लावलेलं सगळं बाहेर काढा, ठेवायचं, द्यायचं, टाकायचं असे ढीग करा. केले. ढीग ओसरीवर मांडले आणि ते दोन महिने तिथेच पडून, कारण द्यायचं म्हणजे नक्की कुणाला आणि टाकायचं म्हणजे कुठे याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग पाऊस आला, कोपऱ्यातल्या गाद्या भिजल्या, आणि एके सकाळी बघते तर आई ढिगातून एक एक वस्तू उचलून परत आत नेतायत. म्हणलं, आई अहो हे काय. तर म्हणाल्या, "अगं इथे भिजून कुजण्यापेक्षा आत बरी, निदान माझ्या डोळ्यासमोर तरी आहे." आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी वस्तू सोडायला नकार दिलाच नव्हता, वस्तूचे हाल बघायला नकार दिला होता. त्या दिवशी मी सगळे ढीग आत घेतले आणि उलटं सुरू केलं, आधी जागा शोधायच्या, मग त्या त्या जागेचं सामान काढायचं.

सगळ्यात आधी आपली रोजची कचरागाडी. हिला मी पैकीच्या पैकी देते. इंदूरच्या लोकांना सांगायची गरज नाही, 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात पहिला नंबर आला तो या गाड्यांच्या जोरावर (2023 चा सुरतबरोबर विभागून होता), पण आपण गाडीचा उपयोग फक्त भाजीची सालं आणि केर टाकायला करतो. गाडीत कचरा सहा प्रकारे वेगळा घेतात, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इलेक्ट्रॉनिक आणि घरातला धोकादायक, आणि घर आवरताना शेवटचे दोन कप्पे सोन्यासारखे आहेत. मी आईंच्या खोलीतलं औषधांचं कपाट काढलं तर दोन मोठे बिस्किटाचे डबे भरून एक्सपायर झालेल्या गोळ्या, सासऱ्यांच्या वेळच्या सुद्धा, ते जाऊन आता सहा वर्षं झाली. ते सगळं पिशवीत भरून खाली नेलं आणि त्यातच एक जुना थर्मामीटर टाकला होता. गाडीवरच्या ताईंनी पिशवी तिथेच उघडून बघितली, थर्मामीटर दोन बोटांनी वर काढला आणि म्हणाल्या, "भाभी इसमें पारा है, इसको कागज में लपेट के अलग दो, टूट गया तो हम लोग के हाथ में आएगा." मला इतकं वाटलं ते ऐकून. मी माझं घर स्वच्छ करत होते आणि माझ्या घरातला पारा दुसऱ्याच्या हातावर सांडणार होता. त्यानंतर मी ब्लेड, फुटकी काच, जुने सीएफएल बल्ब (त्यातही पारा असतो) सगळं वेगळं बांधून वर हिंदीत लिहून देते. ओल्या कचऱ्याचं म्हणाल तर माळ्यावरचं किडलेलं धान्य, जुनाट मसाले, बुरशी आलेली लोणची, दोन बरण्या कसल्यातरी काढ्याच्या, सगळं रोज थोडं थोडं करत गेलं. ते देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातं, 2022 च्या फेब्रुवारीत सुरू झाला तो, दिवसाला 550 टन ओला कचरा घ्यायची क्षमता आहे आणि त्या गॅसवर आपल्या सिटी बसेस पळतात. आईंना हे सांगितलं तेव्हा त्या लोणच्याची बरणी स्वतः रिकामी करून आल्या.

दुसरं, ट्रिपल आर सेंटर, म्हणजे रिड्यूस रीयूज रिसायकल. ही सेंटर्स 2023 च्या मे महिन्यात देशभर सुरू झाली, कपडे, चपला-बूट, पुस्तकं, खेळणी, वापरलेलं प्लास्टिकचं सामान असं देता येतं आणि ज्याला हवं तो घेऊन जातो. जवळचं कुठे आहे ते महापालिकेच्या झोन ऑफिसला विचारून घ्या आणि वेळही विचारूनच निघा. मी चार फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीला कपडे जसे कपाटातून निघाले तसे नेले होते, तिथल्या मुलाने काही बोलून नाही दाखवलं, घेतले, पण माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलीसाठी शाळेचे बूट बघत होत्या, एक बूट हातात आणि त्याच्या जोडीचा शोधतायत, पूर्ण खोका उपसला तरी सापडेना. कुणीतरी जोडी न बांधता देऊन टाकली होती. मुलगी एका पायात तो बूट घालून उभी, अगदी मापाचा. शेवटी दुसरी एक जोडी मिळाली त्यांना, थोडी मोठी. घरी येऊन मी राहिलेलं सगळं पुन्हा काढलं. कपडे धुतले, इस्त्री नाही पण घड्या नीट, तुटलेली बटणं लावली, चपला-बुटांच्या जोड्या दोऱ्याने बांधल्या, खेळण्यातल्या पझलचे तुकडे मोजून एका पिशवीत, एक तुकडा कमी होता तर तसं चिठ्ठीवर लिहिलं. यात पूर्ण तीन रविवार गेले आणि मला वाटतं मिनिमलिझम मला खरा तेव्हा कळला, कारण एवढं सगळं हाताखालून गेल्यावर दुकानात नवीन काही उचलताना आपोआप डोक्यात येतं की हे पण एक दिवस धुऊन, घडी करून, पोचवून यावं लागणार आहे. सेंटरला पाच पैकी पाच, आणि फाटकं, ओलं, डागाळलेलं तिथे नेऊ नका ही हात जोडून विनंती. फाटकं सुती असेल तर घरात फडकी करा, पुढची दोन वर्षं पोछे विकत घ्यावे लागत नाहीत.

आता आपल्या बायकांचा खास विषय, ब्लाऊजपीस आणि वाण. माळ्यावरच्या ट्रंकेत ओटीतून आलेले ब्लाऊजपीस निघाले एकशे चौदा. मोजले मी. त्यातले खण म्हणावे असे सहा, बाकी सगळे तेच पातळ पॉलिस्टरचे, जे कुणीच शिवत नाही आणि एकमेकींना देत राहतो, माझ्याकडून वहिनीकडे, वहिनीकडून मावशींकडे, एकावर तर मीच कधीतरी पेनने घातलेली खूण सापडली, म्हणजे तो फिरून परत माझ्याचकडे आला होता. आणि संक्रांतीची वाणं वेगळीच. प्लास्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणदाण्या, छोट्या स्टीलच्या वाट्या, कुंकवाचे करंडे, बारा-पंधरा वर्षांचे. कुणाचं मन मोडू नये म्हणून ठेवलेलं सगळं. ब्लाऊजपीसचं मी काय केलं तर आमच्या गल्लीच्या टेलरताईंना दिले, एकावर एक दोन कापड ठेवून त्यांनी पिशव्या शिवल्या, शिलाई दिली मी पिशवीमागे वीस रुपये, छत्तीस पिशव्या झाल्या, भाजीच्या पिशव्या म्हणून सगळ्या गल्लीत वाटल्या. शिलाई एकदम पक्की, कडेला डबल टीप, दोन किलो बटाटे आरामात राहतात. या ताईंना सुद्धा पाच पैकी पाच. आणि या संक्रांतीला आमच्या मंडळात मी विषय काढला की यंदा वाण संपणारं द्यायचं, गूळ, तीळ, हळदीची पुडी, नाहीतर तुळशीचं रोप. थोडी कुजबुज झाली, एक काकू म्हणाल्या वाण कायमचं राहावं म्हणून देतात, पण मग दुसऱ्याच म्हणाल्या, "राहतं ना, माळ्यावर राहतं." त्या दिवशी मी घरी आले ती पावशेर गूळ आणि तिळाची पुडी घेऊन, फेब्रुवारीत दोन्ही संपलं. इतका आनंद मला कुठल्या वाणाने दिला नव्हता.

कबाडीवाल्यांचं मिश्र आहे. पहिला जो आला त्याला दारातूनच बोलावला होता, त्याच्याकडे हातातला काटा, रद्दी मी घरी मोजून ठेवलेली 31 किलो, त्याच्या काट्यावर भरली 24. मी म्हणलं भैया परत करो, तर म्हणे भाभीजी पुरानी रद्दी में हवा रहती है. परत पाठवला त्याला. दुसरा आमच्या ओळखीच्यांनी सांगितला, इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन येतो, आपल्यासमोर आधी शून्य दाखवतो, 31 ची 31 भरली, पैसे तिथल्या तिथे यूपीआयने. नाव इथे देत नाही पण तुमच्याही भागात असा एक असतोच, शेजारी विचारा आणि घरी बॅग मोजायचा छोटा काटा असेल तर आधी मोजून ठेवा. एक मात्र, जुना टीव्ही, वायरी, चार्जर कबाड्याला देऊ नका. तांबं काढायला वायरी जाळतात, जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं आणि तांब्याची कॉइल काढली की काच तशीच कुठेतरी टाकून देतात. 1 एप्रिल 2023 पासून ई-वेस्टचे नवीन नियम आहेत, बनवणाऱ्या कंपनीवर जुना माल रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी आहे, त्यामुळे अधिकृत रिसायकलरलाच द्या. आमच्याकडे चार्जरच निघाले तेवीस, चालू मोबाईल तीन. लहान वस्तू गाडीच्या इलेक्ट्रॉनिक कप्प्यात गेल्या. मोबाईल देण्याआधी सिम, कार्ड काढून सगळं पुसून टाका हे सांगायला नको.

जुनं फर्निचर घेणाऱ्या एका ऑनलाईन सेवेचा अनुभव वाईट, फोटोवर कपाटाचा भाव सांगितला साडेचार हजार, माणसं दारात आल्यावर म्हणे बाराशे, वरून जिना उतरवायचे पैसे वेगळे. दिलं नाही. कपाट शेवटी आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलाने नेलं, दोन मित्र आणि एक लोडिंग रिक्षा घेऊन आला होता. भाव विचारला त्याने, मी म्हणलं नेण्याचा खर्च तुझा तेवढा पुरे.

आता बर्तन बाजार, राजवाड्याजवळचा. इथलं जरा सविस्तर सांगते कारण यात आईंचा जीव होता. आमच्याकडे तांब्याचा बंब होता, पाणी तापवायचा, मधे विस्तवाची नळी, बाजूला पितळेची तोटी, सगळ्या घराच्या आंघोळी त्याच्यावर झालेल्या. गेली वीसेक वर्षं माळ्यावर उलटा. खाली उतरवला तर आतून काजळी अजून हाताला लागत होती. आईंनी पदर खोचला, चिंच आणि मीठ घेऊन बसल्या आणि दुपारभर घासला, मी म्हणत होते आई राहू द्या मोडीतच द्यायचाय, तर म्हणाल्या, "मोडीत जायचा तरी चकचकीत जाईल." घासता घासता सांगत होत्या, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला पहाटे तीनला उठून गोवऱ्या आणि नारळाच्या करवंट्या घालून पेटवायच्या, थंडी काय असायची तेव्हा इंदूरला, सासरे ओरडायचे धूर झाला म्हणून. घासून झाल्यावर तोटीवर बोट ठेवून एक मिनिट बसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या, चला.

बर्तन बाजारात तीन दुकानं फिरलो. सगळीकडे पद्धत एकच, मोडीच्या बदल्यात नवीन भांडी घेतली तर भाव जास्त, रोख हवे असतील तर कमी. इथे सांभाळा. फरक किलोमागे ठीकठाक असतो आणि समोर चकचकीत स्टील मांडलेलं, मन होतं, आणि जुनं एक देऊन नवीन सात घेऊन घरी येतो. आमचे हे तर एका इडलीपात्राकडे बघायला लागले होते. आम्ही रोखच घेतले. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या सेठजींनी बंब वाजवून बघितला, तोटी वेगळी तोलली कारण पितळेचा भाव वेगळा, लोखंडी जाळी काढून आम्हाला परत दिली, ती तांब्यात मोजली असती तर फायदा आमचाच होता पण त्यांनी सरळ सांगितलं. आईंना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाले, माताजी इतना साफ करके कोई नहीं लाता. पाच पैकी चार देते, एक कमी कारण गर्दीत गाडी लावायला जागाच नाही, सकाळी लवकर जा. कल्हईची पातेली दोन ठेवली, आणि घंगाळ ठेवलं, दिवाळीला लागेल.

पुस्तकांसाठी खजुरी बाजार. शाळा-कॉलेजची, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं लगेच जातात, भाव बरा देतात, एडिशन जुनी नको. मराठी पुस्तकांना मात्र तिथे घेणारा मिळाला नाही, दिवाळी अंकांना तर नाहीच, म्हणून ती ओझी तिथवर नेऊ नका. आमची मराठी पुस्तकं मंडळाच्या वाचनालयात गेली. तिथे गेल्यावर एक फायदा लक्षात आला, आता वाचावंसं वाटलं की तिथून आणते, वाचून परत देते, कपाट माझ्या घरात नाही एवढंच.

समोरच्या जैन काकी हे सगळं आठ महिने गॅलरीतून बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या आमच्यात याला परिग्रह परिमाण म्हणतात, गृहस्थाने स्वतःच ठरवायचं की धान्य, कपडे, भांडी, पैसा किती ठेवायचा, एकदा हद्द ठरवली की त्यापुढे नाही. काकी काच मंदिरात, म्हणजे इथल्या जैन मंदिरात जातात, वय एकोणऐंशी. मला त्यांनी आपलं कपाट उघडून दाखवलं, अकरा साड्या. मी विचारलं नवीन आली तर, म्हणाल्या एक जाते. कसल्याही व्हिडिओत न मिळालेलं मला तिथे मिळालं, आणि मी पण माझ्यापुरत्या हद्दी घातल्यात, साड्या पंचवीस (अजून काकींएवढं धैर्य नाही), बेडशीट सहा, चहाचे कप दहा.

सुरुवात करणाऱ्यांना एक कळकळीने सांगते, साड्यांपासून सुरू करू नका, फोटोंपासून तर नाहीच. औषधं, वायरी, प्लास्टिकचे डबे, रद्दी, जिच्यात कुणाची आठवण नाही तिथून सुरू करा, आणि दाराशी एक खोका ठेवा ज्यावर पत्ता लिहिलाय, सेंटर किंवा वाचनालय किंवा टेलर, नुसतं देणे असं लिहू नका. आमच्याकडे खोका शनिवारी भरलेला असो नसो निघतोच. घरातल्या मोठ्या माणसांच्या मागे त्यांचं सामान काढू नका. आईंना मी प्रत्येक वस्तू कुठे जाणार ते सांगितलं, दोनदा त्यांना सोबत सेंटरला नेलं, त्यांची जरीची जुनी शाल एका बाईने तिथेच खांद्यावर घेतली ते त्यांनी बघितलं. त्यानंतर माळ्याच्या खाली उभं राहून "ते पण काढ" हे त्याच सांगायला लागल्या.

मागच्या महिन्यात फ्लॅटमधे आलो. एक छोटा ट्रक, एक फेरी. आईंची ट्रंक त्यांच्या खोलीत खिडकीखाली आहे, आत दोन नऊवाऱ्या, ते सहा खण, सासऱ्यांची टोपी, वर गोधडी टाकून त्या तिथे बसून पेपर वाचतात. फोटोंच्या तीन बॅगा अजून बंद आहेत. नणंद दिवाळीला पुण्याहून येणार आहे, तेव्हा तिघी बसून उघडू.